मठाचं नवं दार

हे खरं की खोटं, असं विचारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. माझ्या वहिनीच्या कपाळावरची खूण बघा. माझ्या भावाचा उजवा हात बघा. मग तुमचं तुम्ही ठरवा.

मी तिथे होते. दारापासून हातभर अंतरावर.

साल २००३. वैशाखातला सोमवार. भुतं रात्री निघतात म्हणतात. आमच्यासोबत जे झालं ते भर दुपारी झालं, सूर्य डोक्यावर असताना.

गावाचं नाव लिहीत नाही. वर्धा नदीच्या काठावर आहे, पुलगावपासून फार लांब नाही. तिथे आजही लोक राहतात, त्यांना त्रास नको.

आम्ही नाचणगावचे. भाजीपाल्याची शेती. वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर. माझे वडील बंडूजी म्हणजे मऊ माणूस. बैलाच्या अंगावर हाकायची काठी, तुतारी, उगारताना मी त्यांना पाहिलं नाही. आम्हा दोघा भावंडांना तर त्यांनी कधी चापटही मारली नव्हती.

हे आधी सांगते, कारण पुढे त्याची गरज आहे.

माझा मोठा भाऊ हेमराज. मी त्याला दादा म्हणते. मिनीडोर टेम्पोमध्ये भाजी भरून पुलगावच्या, वर्ध्याच्या बाजारात न्यायचा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. वहिनी हिंगणघाटची, नाव रंजिता. आणि आमच्या घराण्यात एक रीत आहे. नवीन सून आली की तिला त्या नदीकाठच्या मठात न्यायचं, महाराजांच्या समाधीला रोडग्यांचा, गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, नैवेद्य दाखवायचा.

मी लहानपणी पाहिला तो मठ म्हणजे नुसत्या पडक्या भिंती होत्या. छप्पर नाही. आत बाभळी वाढलेल्या. मधोमध समाधी. आईला नवी नवरी म्हणून तिथे नेलं तेव्हा तिने उघड्या आभाळाखाली हात जोडले होते.

दार तर कोणी पाहिलंच नव्हतं. माझ्या आजोबांनीही नाही. नुसती दगडी चौकट होती.

त्याच्या आदल्या वर्षी मठाचा जीर्णोद्धार झाला. भिंती चुन्यात बांधून काढल्या. छप्पर चढलं. आणि चौकटीत सागवानाचं दार बसलं, दोन पाखांचं, लोखंडी खिळे ठोकलेलं. आतून बंद करायला मांडीएवढा जाड लाकडी अडसर.

मूळचा मठ असाच असणार, असं सगळे म्हणत होते.

आम्ही पोचलो तेव्हा पुजारी लक्ष्मणराव ओट्यावर बसले होते. बाबांना बघून उठले.

"या बंडूजी, या! पाह्यला का मठ? ओळखू येऊन राह्यला का?"

बाबांनी दारावरून हात फिरवला. "दार मजबूत बसवलं, बाप्पा."

"हव. पण लावत नाई आम्ही. उघडंच राह्यते."

"काऊन?"

"चोराले न्याले आहे काय इथं? समाधी उचलून नेते काय?" लक्ष्मणराव हसले.

हसले खरे. पण दाराच्या दोन्ही पाखांना त्यांनी मोठाले धोंडे लावून ठेवले होते. वाऱ्यानेसुद्धा दार हलू नये, असे.

वहिनीने डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, "इतका मजबूत होता त मग पडला कसा?"

"पेंढाऱ्यांची धाड आलती म्हणते, बाई. लुटला, जाळला. कोणी म्हणते दोनशे वर्षं झाले. खरं काय ते कोण सांगणार?" त्यांनी खांद्यावर दुपट्टा टाकला. "मी घरी जेवाले जातो. तुमचं निवांत होऊ द्या."

ते गेले. आवारात आम्ही पाचजणच उरलो.

कडुनिंबाखाली दादाने गोवऱ्या रचल्या. आईने आणि वहिनीने रोडगे वळले. मी वांगी चिरत होते. बाबा समाधीवर पाणी घालून आले. सगळं छान चाललं होतं. दादा वहिनीला चिडवत होता, आणि ती सासऱ्यांसमोर हसू आवरत होती.

मग झाडावरचे पक्षी गप्प झाले.

सगळे... एकदम.

दादाने मान वर केली. नदीच्या बाजूने आभाळ मातकट झालं होतं. धुळीची भिंतच्या भिंत आमच्याकडे येत होती.

"वादळ येऊन राह्यलं! आत चला सगळे!"

आईने नैवेद्याचं ताट उचललं. मी नारळ आणि पाण्याची कळशी घेतली. वहिनी दादाजवळच थांबली होती.

"तू जा ना! बाजूच्या वावरात वाळल्या कुटाराचा ढीग आहे, विस्तव उडाला त सारं पेटन. मी हा झाकून आलोच."

ती आत आली. तिच्यामागून बाबा. वाऱ्याने धूळ आत ढकलायला सुरुवात केली होती, समाधीवरची फुलं उडाली. बाबांनी ते धोंडे सरकवले. दार लावलं. वाऱ्याने ते पुन्हा उघडायला लागलं, तसा त्यांनी अडसर टाकला.

"हेमराज आला की काढतो," म्हणाले.

आत अंधारल्यासारखं झालं. खिडकी नव्हती. छताजवळच्या झरोक्यांतून तेवढा उजेड येत होता. बाहेर वारा घोंघावत होता.

आणि मग... वारा थांबला.

हळूहळू कमी झाला नाही. कोणी तोंडावर हात ठेवावा तसा थांबला.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. लांबून काहीतरी धडधडत येत होतं. मला वाटलं, ढग.

ढग नव्हते. जमीन हलत होती. घोडे... खूप घोडे.

दारावर थाप पडली.

"हे आले," वहिनी म्हणाली आणि पुढे झाली.

दुसरी थाप पडली. खाली... गुडघ्याच्या उंचीवर. लहान मूल मारेल तशी.

वहिनी जागच्या जागी थांबली.

तिसरी थाप डाव्या पाखावर. मग उजव्या. मग वर, खाली, सगळीकडे. एकाच वेळी कितीतरी हात दार बडवत होते. सागवान थरथरत होतं, खिळे वाजत होते.

"बाबा! दार उघडा! बाबा!"

तो दादाचा आवाज होता.

आणि त्याच्याभोवती दुसरे आवाज. बायांचे. म्हाताऱ्यांचे. लेकरांचे. "उघडा हो... आले ते... लेकरू तरी घ्या आत..."

"अहो, काढा ना अडसर!" आई ओरडली. "हेमराज आहे बाहेर!"

बाबा दाराला पाठ लावून उभे होते. दोन्ही हात मागे, अडसरावर.

"नाई."

"काय नाई?"

"उघडलं त सारेच मरू," बाबा म्हणाले. "जे बाहेर राह्यले ते राह्यले."

आवाज बाबांचाच होता. दुसऱ्या कोणाचा असता तर बरं वाटलं असतं.

वहिनीने वाट पाहिली नाही. धावली, अडसराला हात घातला. बाबांनी दाराशेजारी ठेवलेली पितळी समई उचलली आणि तिच्या कपाळावर मारली.

तो आवाज मी आजही ऐकते.

वहिनी खाली पडली. कपाळावरचं रक्त तिच्या डोळ्यांत ओघळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. हाताने रक्त पुसलं आणि गुडघ्यांवर सरकत पुन्हा दाराकडे निघाली. बाबांनी तिला पुन्हा मारलं, खांद्यावर. मी मधे पडले. त्यांची लाथ माझ्या पोटात बसली आणि मी भिंतीवर आदळले. ज्या माणसाने मला कधी चापट मारली नव्हती, त्याची लाथ.

बाहेर नवा आवाज सुरू झाला.

ऊस तोडताना कोयता बसतो तसा.

खच्च.

एक बाई किंचाळली... आणि तिचा आवाज गेला.

खच्च. खच्च.

दार बडवणारे हात कमी होऊ लागले. आधी लांबचे, मग जवळचे. कोणीतरी मागून पुढे येत होतं. मागच्यांना संपवत, पुढच्यांकडे. किंकाळ्या चालूच होत्या, पण दर खेपेला त्यांतली एक कमी व्हायची. एक म्हातारा देवाचं नाव घेत होता. मधेच थांबला. ते गुडघ्याच्या उंचीवरचं लेकरू "माय व, माय व" करत होतं.

तेही थांबलं.

"बाबा! माह्या मागं आहे तो! बाबा!" दादा.

आईने बाबांच्या गळ्याला मिठी मारली आणि त्यांना मागे ओढायला लागली. मी उठले, त्यांचा हात धरला. आम्ही दोघी पूर्ण जोर लावून ओढत होतो. साठीकडे झुकलेला बारीक माणूस. तरी हलेना.

मग मला कळलं, का हलत नाही ते.

माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. छाती... कोणाची तरी. कोपर. खांदे. त्या रिकाम्या मठात आमच्या मागे गर्दी होती. घामाचा वास येत होता, भीतीने धापा टाकत असलेल्या तोंडांची वाफ मानेवर लागत होती. ते सगळे पुढे रेटत होते. बाबांना दारावर दाबून धरत होते. आम्हालाही.

मी मागे वळून बघितलं नाही. कोणी कितीही विचारलं तरी हेच सांगेन. बघितलं नाही.

दाराखालून काहीतरी ओलं आत आलं. माझ्या तळव्याला लागलं. कोमट होतं.

बाहेर आता एकच आवाज उरला होता.

आईने बाबांना सोडलं. खाली वाकली. समाधीसमोर फोडायला आणलेला नारळ तिथेच घरंगळत गेला होता. तो तिने दोन्ही हातांत धरला आणि बाबांच्या कोपरावर हाणला. हाड वाजलं. बाबांचा हात सुटला. आईने दुसरा घाव त्यांच्या दंडावर घातला, आणि रडत रडत तिसरा.

"माह्या लेकराले मारता! माह्या लेकराले!"

तेवढ्यात वहिनी त्यांच्या पायांमधून पुढे घुसली. रक्ताने निसटणाऱ्या हातांनी तिने अडसर ओढला. मी खालून जोर लावला. अडसर निघून फरशीवर पडला.

दार उघडलं.

पाठीवरचा भार गेला. गर्दी नव्हतीच, असा गेला.

बाहेर... ऊन होतं.

नुसतं ऊन. झाडावर पक्षी ओरडत होते. धुळीचा पातळ थर अंगणभर बसला होता, सपाट. त्यावर एकाच माणसाच्या पावलांच्या खुणा. कडुनिंबापासून दारापर्यंत.

दादा उंबरठ्यावर पडला होता.

त्याच्या पाठीवर तिरपे घाव होते, शर्टासकट उघडे. उजव्या हाताची बोटं वाकडीतिकडी झाली होती, नखं निघाली होती. उंबरठ्यावरचं रक्त त्याचंच होतं. दुसरं कोणीही तिथे नव्हतं.

दाराच्या बाहेरच्या बाजूला मात्र ओरखडे होते. नव्या सागवानात, ताजे. वरपासून खालपर्यंत. काही गुडघ्याच्या उंचीवर, लहान लेकराच्या नखांएवढे बारीक.

मागून बाबांचा आवाज आला.

"अरे देवा... सूनबाई, तुले कोणं मारलं व?"

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. दुखावलेला हात धरून उभे होते, डोळ्यांत पाणी. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

वहिनी दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कपाळावरून गळणारं रक्त दादाच्या चेहऱ्यावर पडत होतं. तिने बाबांकडे एक क्षण पाहिलं.

"चौकट लागली, मामाजी," म्हणाली.

पोलिसांनाही तिने तेच सांगितलं. आजपर्यंत तेच सांगते.

गावातल्या चहाच्या दुकानावरचे भैय्याजी ओरडा ऐकून धावत आले. आमचा मिनीडोर त्यांनीच चालवला. मागे भाजीच्या पोत्यांवर दादाला आडवं टाकून आम्ही सावंगीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत भैय्याजींनी मला विचारलं, "किती लोकं होते, बाई?"

"कोणीच नव्हतं."

"मले त आरडाओरड ऐकू आली. पन्नासेक माणसाची."

 

दादा वाचला. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. पाठीवरचे घाव धारदार हत्याराचे आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोलिसांनी चोरट्यांचा संशय धरला. कोणी सापडलं नाही. कोण सापडणार?

शुद्धीवर आल्यावर दादा माझ्याशी बोलला. आईसमोर नाही, वहिनीसमोर नाही.

"मी एकटा नव्हतो, सपना. विस्तव झाकला आन् वळलो, त सारं गाव धावून राह्यलं. म्हातारे, बाया, पोट्टे. कपडे येगळेच. मले ओढतच घेऊन गेले दारापाशी. मागून घोड्यावर ते आले. तोंडाले फडके बांधलेले. माह्या पाठीवर एक म्हातारा लटकला होता... त्याले तोडला ना, तेच घाव माह्या पाठीले लागले. तो मधे नसता त मी मेलो असतो."

एवढं सांगून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

लक्ष्मणराव दवाखान्यात भेटायला आले. बाबांपुढे बसून रडले. मी त्यांना बाहेर गाठलं.

"तुम्ही दार काऊन लावत नव्हते? खरं सांगा."

त्यांनी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "दार बसवलं त्या दिवशी संध्याकाळी मी बाहेरून ओढून घेतलं. आत कोणीच नव्हतं, मी स्वतः पाहून आलतो. तरी आतून आवाज आला, बाई. कोणीतरी बोललं... 'अडसर टाक.'"

"मग सांगतलं काऊन नाई आमाले?"

"हसले असते ना तुम्ही."

खरं आहे. हसलो असतो.

पुढे ते दार काढून टाकलं म्हणतात. कोणी म्हणतं काढलं नाही, नुसतं उघडं बांधून ठेवलं. लोक आजही जातात, फोटो काढतात. मी परत गेले नाही.

बाबा त्या दिवसानंतर घरात फारसे बोलेनासे झाले. त्यांना काही आठवत नव्हतं, आणि आम्ही कोणी सांगितलं नाही. आईने त्यांच्या हातावरचे नारळाचे घाव हळद लावून शेकले, वाऱ्याने दार आदळलं म्हणाली. त्यांनी मान डोलावली. वहिनीला मुलगी झाली, ती आजोबांच्याच अंगाखांद्यावर वाढली. वहिनीने कधी तिला त्यांच्यापासून दूर ठेवलं नाही. पण बाबा नातीला कडेवर घेऊन कधी घराच्या आत बसले नाहीत. नेहमी अंगणात. पाऊस असला तरी ओट्यावर.

२००९ च्या हिवाळ्यात ते आजारी पडले. एके सकाळी आम्ही सगळे खाटेभोवती होतो. आई पाणी पाजत होती. बाबांनी दादाला जवळ बोलावलं.

"हेमराज... त्या बाईनं तुह्या कानात काय सांगतलं रे?"

दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"कोणती बाई, बाबा?"

"हिरव्या लुगड्याची. तुह्या बाजूनं उभी होती, दारापाशी. लेकरू होतं तिच्या पायाशी."

बाबा दाराच्या आत होते. अडसर लावलेला होता. जाड सागवान होतं मधे.

आणि दादाने मला म्हातारा सांगितला होता, घोडे सांगितले होते. बाई कधीच सांगितली नव्हती. कोणालाच नाही.

"काहीच नाई बोलली, बाबा," दादा म्हणाला.

बाबांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले आणि डोळे मिटले. त्याच आठवड्यात गेले.

तेरवी झाल्यावर मी दादाला वावरात गाठलं. तो सांभाराच्या वाफ्याला पाणी देत होता. मी विचारलं. त्याने पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. मग उभा राहिला.

"होती," म्हणाला. "माह्या बाजूनंच दार ठोकून राह्यली होती. सारे ओरडून राह्यले होते. ती मधेच थांबली. हात खाली घेतले. माह्याकडे वळली आन् कानाशी तोंड आणलं."

"काय बोलली?"

"बोलली... 'नको ठोकू, बाप्पा. तो नाई उघडत. मी त्याची बायको हाये.'"

बाबांना ती बाई कशी दिसली, मला माहीत नाही. त्यांच्या आत त्या दिवशी जो कोणी शिरला होता, तो पूर्ण बाहेर पडला होता की सहा वर्षं आमच्याच घरात ओट्यावर बसून होता, तेही माहीत नाही.

आई अजून आहे. बाबांच्या फोटोला रोज फूल वाहते.

तिला आम्ही हे सांगितलेलं नाही.